बिनसाखरेचा चहा

हॉस्पिटलात तिला सगळे भिंगरी म्हणायचे. सलाईन बदलणं, पेशंटला कुशीवर वळवणं, जाता जाता एखाद्या शिकाऊ डॉक्टरला दोन शब्द सुनावणं, सगळं चालता चालता. ड्युटीवर तिला बसून जेवताना कुणी पाहिलं असेल, तर त्याने शपथेवर सांगावं. घरीही तेच. नवरा म्हणायचा, "जरा एका जागी टेक, मला चक्कर येते."

मग साथ आली आणि या भिंगरीला खुर्चीत बसवलं गेलं. बसवलं ते मेट्रनने. मेट्रन तिची नर्सिंगच्या वसतिगृहापासूनची मैत्रीण. एका खोलीत राहिलेल्या, एकीच्या ड्रेसला दुसरीने इस्त्री केलेली.

"तुझ्या घरी सासूबाई थकलेल्या," मेट्रन म्हणाली. "तू वॉर्डात नको जाऊस. वर मॉनिटर रूम सांभाळ. पडद्यावर सगळ्यांचा ऑक्सिजन बघायचा आणि नातेवाइकांचे फोन घ्यायचे. काही लपवायचं नाही, सरळ सांगायचं. तुझ्याइतकं ते कुणाला जमणार?"

भिंगरीचा ऊर भरून आला. मैत्रीण असावी तर अशी, हे तिने घरी सगळ्यांना ऐकवून ऐकवून कंटाळा आणला.

त्या खुर्चीतून उठायची सोय नव्हती. नजर हटली आणि खाली कुणाचा श्वास अडकला तर? एक फोन ठेवला की दुसरा वाजायचा. बरे होऊन गेलेल्यांच्या घरून केक, बिस्किटं यायची, ती पडद्याकडे बघता बघता पोटात जायची. युनिफॉर्म कमरेत उसवून सैल केला, मग पुन्हा उसवला. घसा सारखा सुकायचा, ती म्हणायची मास्कमुळे. पायांना मुंग्या यायच्या, त्या खुर्चीमुळे. आणि थकवा काय, तो तेव्हा कुणाला नव्हता? याच खुणा तिने पेशंटना जन्मभर समजावून सांगितलेल्या. पण नर्सेसची ही जुनी खोड आहे: दुसऱ्याला होतो तो आजार, स्वतःला होते ती ड्युटी.

दुपारी मेट्रन स्वतः थर्मास घेऊन वर यायची. दोघी मिळून चहा घ्यायच्या, तेवढीच दिवसातली सुखाची घटका. एके दिवशी चहा बिनसाखरेचा आला.

"कँटीनमध्ये साखर नाहीये," मेट्रन म्हणाली.

"मग आपण आहोत की," म्हणत भिंगरीने खणातून डबा काढला आणि दोन चमचे घातले. "तुला देऊ?"

मेट्रन नको म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. पुढे रोज चहा तसाच यायचा, आणि भिंगरी रोज कँटीनवाल्याच्या नावाने बोटं मोडत साखर ढवळायची.

साथ ओसरली. भिंगरीने नवे बूट घेतले आणि लग्नघरी निघाल्यासारखी वॉर्डात उतरली. चार खाटा फिरेपर्यंत तिला धाप लागली. बुटाने टाच घासली, आणि ती जखम काही केल्या भरेना. तेव्हा कुठे ती लॅबमध्ये गेली.

लॅबवाले मामा जुने, सगळ्यांना ओळखणारे. बोटाला सुई टोचताना त्यांनी सहज विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत, सिस्टर?"

"कसल्या गोळ्या?"

मामांचा हात थांबला. "अहो, साथीत सगळ्या स्टाफचं रक्त तपासलं ना आपण? तुमची साखर तेव्हाच खूप वाढलेली होती. मी मेट्रनबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही बोलू नका, ती घाबरेल, मी सांगते."

भिंगरी बोटाला कापूस दाबत उठली. ती तशीच मेट्रनच्या खोलीत गेली, दार न वाजवता.

मेट्रनने नाकबूल केलं नाही. "सांगितलं असतं तर तुला तिथून उठवून रजेवर पाठवावं लागलं असतं. निम्म्या मुली आजारी होत्या. त्या खुर्चीत बसवायला मी माणूस कुठून आणणार होते? वाटलं, एवढी लाट जाऊ दे, मग सांगू. तर दुसरी आली."

"आणि चहातली साखर तू काढलीस."

"तेवढंच माझ्या हातात होतं गं."

भिंगरीला रडू आलं नाही, संताप आला. "लोकांची माणसं गेली, ते मी त्यांना फोनवर सांगितलं. एकेकाला, सरळ. तूच सांगितलं होतंस, लपवू नकोस म्हणून. आणि मी तुझ्यासमोर रोज दोन चमचे घालत होते. तू बघत होतीस."

मेट्रनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "आता त्या पायाने वॉर्ड जमायचा नाही तुला. मॉनिटर रूम कायमची ठेवायची ठरलीये. तुझी जागा मी कुणाला दिलेली नाही."

तिने सवयीने थर्मास उघडला, दोन कप भरले आणि समोरची खुर्ची पुढे सरकवली. "बस ना जरा."

"बसून झालं माझं," भिंगरी म्हणाली, आणि दुखरी टाच उचलत, धाप लागत होती तरी, वॉर्डाकडे चालू लागली.