दुसरी डिस्क

सेरोवे गावात गुरं पाळणारा प्रत्येक माणूस दिचुपो न्चोलेला ओळखत होता. आणि ती त्यांचा प्रत्येक बैल ओळखते, असं लोक म्हणत. यात थोडी अतिशयोक्ती होती, पण फार नाही. गुराच्या पुठ्ठ्यावर सळईने दिलेला डाग पाहून मालकाचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि त्यांच्यातलं भांडण ती न अडखळता सांगायची.

डागणीच्या वेळी लहानपणी सळई तापत ठेवायचं काम तिच्याकडे असायचं. बाप गेला तेव्हा गुरं तिघा भावांना वाटली गेली आणि तिच्या वाट्याला एक शेळी आली. त्या दिवसापासून भावांशी तिचं बोलणं संपलं ते संपलंच. ती चिडली की आरडाओरडा करत नसे. गप्प बसायची, आणि ते गप्प बसणं वर्षानुवर्षं चालायचं.

मोराका पशुपालक संघात ती कार्डं लिहायला लागली. कार्डांच्या जागी कॉम्प्युटर आला तेव्हा शिकवायला आलेला माणूस दोन दिवसांत निघून गेला. पुढचं ती एका जाडजूड पुस्तकातून शिकली. कोणाचं जनावर कुठून कुठे गेलं याच्या सगळ्या नोंदी त्या डेटाबेसमध्ये होत्या. तिच्या खिडकीतून दाखला मिळाल्याशिवाय कत्तलखान्याच्या फाटकातून एक वासरूही आत जात नसे.

२०११ साली सर्व्हरची डिस्क भरली. नवी मशीन घ्यायला समिती तयार होईना. मग दिचुपोने एक दुसरी डिस्क आत बसवून घेतली आणि गुरांच्या हालचालींचं अख्खं रजिस्टर तिच्यावर हलवलं. जुन्या फोल्डरमध्ये त्या जागी फक्त नवा पत्ता ठेवला. घर बदलल्यावर दारावर चिठ्ठी लावतात तसा. तेव्हाच्या व्यवस्थापकाने तिच्या कागदावर न वाचताच सही केली. तो निवृत्त झाला, कागद गहाळ झाला, आणि ही गोष्ट एकट्या दिचुपोला माहीत राहिली.

यंदा मार्चमध्ये नव्या व्यवस्थापकाने राजधानी गबोरोनेहून तुमिसांग नावाचा माणूस आणला. वय अठ्ठावीस, बूट चकचकीत. काम एवढंच, की जुन्या सर्व्हरवरचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर न्यायचा. पहिल्याच दिवशी त्याने सर्व्हरच्या खोलीतला दिचुपोचा स्वेटर आणि खुर्ची बाहेर काढून ठेवली, दाराला नवं कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

"धूळ जाते हो मशीनमध्ये, म्मा," तो म्हणाला. "आणि आता तुम्हालाही जरा आराम."

तिथे बाईला मानाने म्मा म्हणतात, पुरुषाला रा; पण त्याच्या वयाच्या कोणालाही दिचुपो अरे-तुरे करायची. त्याला मात्र ती त्या दिवसापासून जाणूनबुजून अहो-जाहो करू लागली. कचेरीतल्यांना यातली खोच लगेच कळली. तुमिसांगला कळली नाही. आपल्याला मान मिळतोय असं त्याला वाटलं.

शुक्रवारी सकाळी त्याने फायली उचलायला घेतल्या. दार उघडं होतं. दिचुपो उंबऱ्यावर उभी राहिली.

"डेटाबेस आधी बंद करा, रा," ती म्हणाली. "बाहेर खिडकीवर नोंदी चालू आहेत. चालू डेटाबेसच्या फायली उचलल्या तर अर्धवट येतात."

तुमिसांगने वळूनही पाहिलं नाही. "म्मा, मी हे तीसेक ठिकाणी केलंय. तुम्ही डाग ओळखा, मी डेटाबेस ओळखतो."

मागे बसलेल्या टायपिस्ट पोरी हसल्या. व्यवस्थापकही हसला. दिचुपो जागेवर जाऊन बसली. पाचच मिनिटांत खिडकीवरची कामं अडली आणि पडद्यावर सूचना आली की डेटाबेस बंद केलाय. म्हणजे तिचं ऐकलं होतं. फक्त तसं म्हणायचं नव्हतं.

काचेतून तिला त्याचा पडदा दिसत होता. तो मुख्य फोल्डर उचलत होता, त्यातल्या नव्या पत्त्याच्या त्या चिठ्ठीसकट. दुसऱ्या डिस्कला त्याने हातही लावला नव्हता. उठून फक्त चार शब्द बोलायचे होते. तिने डबा उघडला आणि सेस्वा, म्हणजे शिजवून कुटलेलं मांस, जेवत बसली, एकेक घास नीट चावून.

शनिवारी त्याने नव्या सर्व्हरवर मालकांची दहा-बारा नावं उघडून पाहिली. नावं आली, डाग आले. त्याने जुनी मशीन पुसली आणि आधीच ठरल्याप्रमाणे ती पालाप्येच्या वाटेवरच्या एका शाळेला देऊन टाकली.

सोमवारी आठ वाजता खिडकी उघडली. पहिलाच माणूस रा केबोनांग, दिचुपोच्या आईचा म्हातारा शेजारी. त्याचे चौदा बैल बाहेर ट्रकमध्ये उभे होते आणि कत्तलखान्याने त्याला दुपारी एकची वेळ दिली होती. दिचुपोने त्याचा डाग कॉम्प्युटरवर टाकला. नाव आलं. दाखल्यासाठी हालचाली उघडल्या तर पडद्यावर एकच ओळ आली: फाईल सापडत नाही.

हे होणार हे तिला माहीत होतं. तुमिसांगचा उतरलेला चेहरा कसा दिसेल याचा विचार तिने रविवारी चर्चमध्ये बसून केला होता. फक्त जुनी मशीन इतक्या लवकर पुसून देऊनही टाकतील, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ते तिला आत्ता टायपिस्ट पोरीकडून कळलं. फाईल सापडत नाही, एवढंच तिने केबोनांगला सांगितलं.

नऊपर्यंत अंगणात सात ट्रक झाले. माणसं खिडकीवर थापा मारू लागली. व्यवस्थापक तुमिसांगवर ओरडत होता आणि तुमिसांग म्हणत होता, मी सगळं आणलंय, सगळं. दिचुपो उठली.

"सगळं नाही आणलंत," ती म्हणाली. "रजिस्टर दुसऱ्या डिस्कवर आहे. शाळेत गेलेल्या मशीनमध्ये. पुसली नसेल तर."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?" व्यवस्थापक म्हणाला.

"आत्ता सांगतेय."

शाळा चाळीस किलोमीटरवर. तुमिसांगच्या गाडीतून दोघंच निघाली. 

"तुम्हाला शुक्रवारीच माहीत होतं," अर्ध्या रस्त्यात तो म्हणाला.

"हो."

"मी कॉपी करत होतो तेव्हा."

"हो."

"आणि तुम्ही जेवत बसलात."

"सेस्वा होतं. गार झालं असतं."

त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. "माझी नोकरी गेली असती, म्मा."

"मला तेच हवं होतं."

"आणि ही माणसं? ते म्हातारबुवा? त्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

 दिचुपोने आवाज चढवला. "मशीन पुसायच्या आधी तिच्यात किती डिस्क आहेत हे तुम्ही मोजलं नाहीत. मोजू नका असं मी थोडंच सांगितलं होतं? तीस ठिकाणी काय करून आलात, चहा पिऊन?"

"खाली उतरवू का इथेच?"

"उतरवा. त्या डिस्कचा पासवर्ड माझ्याकडे आहे."

त्याने उतरवलं नाही.

मशीन शाळेच्या कोठारात फुटबॉलच्या जाळ्यांखाली पडली होती. तुमिसांगने झाकण उघडलं. दुसरी डिस्क जागच्या जागी होती, तिच्यावर दिचुपोच्या हातची तारीख चिकटवलेली. पुसताना त्याने फक्त पहिलीच पुसली होती. त्याची चूकच कामाला आली. दिचुपो तिथल्या बाकावर बसली. तुमिसांगने पाणी आणून दिलं नाही, तिनेही मागितलं नाही.

रजिस्टर नव्या सर्व्हरवर चढायला दुपारचे साडेतीन झाले. तो टाईप करत होता, ती मागे उभी राहून वाट सांगत होती. एका शब्दाच्या जागी दोन शब्द कोणी वापरले नाहीत. एकही नोंद गेली नाही.

पण एकची वेळ टळली होती. उन्हात ट्रकमध्ये उभा राहून केबोनांगचा एक बैल बसला तो परत उठलाच नाही. बाकीचे तेरा त्याला परत रानात न्यावे लागले. कत्तलखान्याची पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची होती.

चौकशीत दिचुपोने काही लपवलं नाही. मला माहीत होतं आणि मी मुद्दाम बोलले नाही, असं तिने लिहून दिलं. व्यवस्थापकाने तिला लेखी ताकीद दिली आणि गुरांच्या कानातले बिल्ले वाटायच्या खिडकीवर बसवलं. तुमिसांगला संघात कायमची नोकरी मिळाली. दिलगिरी दोघांपैकी कोणीच व्यक्त केली नाही.

महिन्याभराने तो तिच्या खिडकीपाशी आला. "अजून कुठे काही ठेवलंय का तुम्ही? दुसऱ्या जागी?"

"विचारा एकेक. विचाराल त्याचं उत्तर देईन."

तो वही घेऊन आला. संध्याकाळपर्यंत त्याने सदतीस प्रश्न विचारले आणि तिने सदतीस उत्तरं दिली, एकही खोटं नाही.

केबोनांगकडे ती एका रविवारी गेली होती. म्हाताऱ्याने बसायला स्टूल दिलं, तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"बैलाचं सोड, दिचुपो," तो म्हणाला. "मी सकाळी आठपासून तुझ्यासमोर उभा होतो. फाईल सापडत नाही, एवढंच तू मला सांगितलंस."

आता बिल्ले हवे असले की तो मुलाला पाठवतो. मुलगा वाकून नमस्कार करतो, बिल्ले मोजून घेतो आणि जातो.