कानाची पाळी

मोठीबाईच्या हाताला आधी घाबरायचं, मग त्याचाच लळा लागायचा, अशी आमच्या अड्याळच्या घरात सुनांची रीत होती. सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. मी उंबरा ओलांडला आणि अंधाऱ्या ओसरीतून एक हात आला, माझ्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरला. "नाक बसकं हाय, पन पोरगी चांगली हाय!" सगळ्या वऱ्हाडासमोर हे ओरडून सांगितलं! बाई बाई, जमीन दुभंगावी असं झालं मला.

मोठीबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लहानपणी तापात कान गेले, चाळिशीत डोळे. वाचा मात्र खणखणीत. आपलाच आवाज ऐकू येत नसल्यानं ती ओरडूनच बोलायची. ओसरीपासून न्हाणीपर्यंत तिच्यासाठी दोरी बांधलेली होती. वीज गेली आणि कोणी तिच्यावर आदळलं, की हसायची. "दिवा गेला वाटते! धरा माह्या दोरीले."

घरातल्या प्रत्येकाची तिच्या अंगावर एक खूण ठरलेली. माझे यजमान पाठीवर थाप मारायचे, मी वेणी ओढायची, सासूबाई बांगड्यांचा हात तिच्या हातात द्यायच्या. मामाजी, म्हणजे माझे सासरे, संध्याकाळी शेतावरून, धानाच्या बांदीतून आले की तिच्या डाव्या कानाची पाळी ओढायचे. "आला गा चोट्टा!" म्हणून ती हसायची आणि मगच ताट पुढं घ्यायची. त्याआधी घास नाही.

एका पावसाळ्यात मामाजी नदीपलीकडं करडीला नातलगांकडे गेले, तिथं छाती धरून खाली बसले, ते उठलेच नाहीत. वैनगंगेला पूर, त्यामुळे तिथंच माती करावी लागली. इकडं सासूबाईंच्या बांगड्या फुटल्या. पण मोठीबाईला सांगायचं कसं? आमच्याकडं माणसांच्या खुणा होत्या, मरणाची नव्हती.

"भाऊ गेला हे समजलं तं अन्न सोडन थे," असं म्हणून सासूबाई रिकामे हात घेऊन तिच्यापासून लांब राहू लागल्या. "तुही सासू कोठी गेली? रुसली काय?" मोठीबाई मला विचारायची. मी नुसतीच वेणी ओढायची. दुसरं काय करणार! भावाची वाट बघत तिचं ताट तसंच परत यायचं.

मग एका संध्याकाळी मी चुलीपाशी असताना ओसरीतून आवाज आला, "आला गा चोट्टा!" यांनी बापाची खूण केली असेल, बरं केलं, असं मला वाटलं. ती जेवू लागली. धान कापणीला आलं तरी हे रोज चालूच.

शेवटी सासूबाई यांना म्हणाल्या, "पुरे कर बाबू. बापाच्या नावानं किती फसवशीन तिले?"

"मी काहून फसवू?" यांनी माझ्याकडं बघितलं. "मले वाटलं, हेच करून राहिली."

"मी? मला वाटलं तुम्ही!"

त्या दिवशी उजेड असतानाच आम्ही तिघं तिच्यासमोर जाऊन बसलो, हात मांडीवर ठेवून. कोणी हललं नाही. मोठीबाईची मान हळूच डावीकडं कलली.

"आला गा चोट्टा!"

ती चार घास जेवली आणि आम्ही बसलो होतो नेमकं तिकडंच तोंड करून म्हणाली, "सासूले म्हन, ये आता जवळ. बांगड्या नाही तं काय झालं? मले मालूम हाय. त्यानंच सांगतलं."

सासूबाई रडत पुढं सरकल्या आणि त्यांनी आपलं कोरं मनगट तिच्या हातात दिलं. मोठीबाईनं ते गालाशी धरलं आणि ती ढसाढसा रडली. आमचे हेही रडत होते. मला मात्र रडू येईना. मी तिच्या डाव्या कानाकडं बघत होते. पाळी लालबुंद झाली होती.