अंगावर शिवताना

माझी आई चाळीस वर्षं लोकांचे ब्लाऊज शिवत होती आणि मला साधी तुरपाई येत नव्हती. इंजेक्शनची सुई मी डोळे मिटून लावीन. नर्स आहे, जालना रोडवरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरला ड्यूटी करते. पण कापडाच्या सुईशी माझं उभं वैर. "कापडाला टोचायचा कंटाळा आला, म्हणून माणसांना टोचाया लागली," असं आई गिऱ्हाइकांना सांगायची आणि स्वतःच आधी हसायची.

तोंड लई फटकळ होतं तिचं. माझं लग्न मोडल्यापासून आम्ही दोघीच बेगमपुऱ्यातल्या दोन खोल्यांत राहायचो. बाहेरच्या खोलीत तिची पायाची मशीन. फुलंब्रीहून, करमाडहून बाया एसटीनं यायच्या तिच्याकडं. दुसऱ्या कुणी बिघडवलेला ब्लाऊज आला की उजेडात धरायची आणि म्हणायची, "कोणी शिवला गं हा? हातानं का पायानं?" बाई रडकुंडीला यायची, पण कपडा तिथंच ठेवून जायची.

तिचे नियम होते. कापड भिजवून सावलीत वाळवल्याशिवाय कात्री लावायची नाय. आणि अंगावरचा कपडा अंगावर असताना शिवायचा नाय. फारच घाई असली तर शिवणाऱ्यानं दातात दोरा धरायचा, मगच टाका घालायचा. का, तर जिवंत माणसाच्या अंगावर कपडा शिवत नसतेत, मढ्याचा शिवतेत. दातात दोरा असला की यमाला कळतं, हे माणूस अजून कामात हाय.

"आमचे डॉक्टर तर रोज माणसाच्या अंगावरच टाके घालतात," मी एकदा म्हणाले.

"मग त्यांच्या तोंडात काय असतंय?"

"तोंडाला मास्क असतो."

"बघ! त्यांना बी कळतंय," आई म्हणाली.

त्या सकाळी माझ्या कुर्त्याचं बटण तुटलं. बस सुटायची वेळ झालेली. तिच्याच डब्यातली सुई घेऊन मी अंगावरच बटण लावायला लागले. ती चहा गाळत होती. तिथनंच ओरडली, "दोरा धर तोंडात! दोरा धर आधी!" आणि मी वैतागून म्हणाले, "गप बस जरा गं आई! काहीपण असतं तुझं."

ती गप बसली. मी बटण लावून वर बघितलं तर ती ओट्याला टेकून खाली घसरत होती. गाळणी हातातच होती.

उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मी नर्स आहे. मेंदूत रक्ताची गुठळी कशानं होते हे मला पाठ आहे. दोऱ्याचा आणि तिचा काही संबंध नाही, हे मी दुसऱ्या कुणालाही दहा मिनिटांत पटवून देईन. स्वतःला मात्र नाही पटवता आलं. मी गप बस म्हणाले आणि ती कायमची गप बसली, एवढंच मला दिसायचं.

घरी आणल्यावर ती खिडकीशी कॉटवर बसून असायची. चमचा जवळ आला की तोंड उघडायची, पोट भरलं की मिटायची. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळतं किती, सांगता येत नाही. ओळखीच्या गोष्टी त्यांच्यासमोर करत राहा. कधीकधी एखादा शब्द एकदम येतो." मला तो एक शब्द पाहिजे होता. शिवी चालली असती.

तेव्हा मला अक्कल सुचली. दवाखान्याच्या स्टोअरमधून मिळणारे थिएटरचे हिरवे सेट मला कधी बसायचेच नाहीत. वरचा सदरा पोत्यागत आणि पायजमा घोट्याच्या वर. रंग तोच असला तर स्वतःचा शिवून आणा, असं मेट्रननी सगळ्यांना सांगितलेलंच होतं. म्हटलं, मीच शिवते, हिच्यासमोर बसून. वाईट शिवण बघून जी बाई चाळीस वर्षं गप बसली नाही, ती माझी शिवण बघून किती दिवस गप बसेल? सुताराचं मन बाभळीपाशी, तसं हिचं मन मशीनपाशी असणारच.

गुलमंडीतून हिरवं सुती कापड आणलं. भिजवायला पाहिजे होतं. नाही भिजवलं. थोडा आळस, आणि खरं सांगायचं तर थोडं मुद्दाम. कोरं कापड तिच्या डोळ्यांसमोर फटकारलं आणि तशीच कात्री हातात घेतली. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

"आई, भिजवलं नाय बरं का मी."

कात्री खाली ठेवली.

मशीन तिच्या कॉटसमोर ओढली. पाय मारला की चाक उलटं फिरायचं आणि दोरा तटकन तुटायचा. आठ दिवस नुसत्या जुन्या चादरीवर रेघा मारल्या. त्या पण गोम चालल्यासारख्या. शेजारच्या मावशी, ज्या मी ड्यूटीला गेले की आईपाशी बसायच्या, हसून हसून बेजार. "नाचता येईना अंगण वाकडं! मशीनला कशाला शिव्या देतीस?" मावशी हसल्या की मी आईकडं बघायची. तिच्या पापण्या हलायच्या. पापण्या तर सगळ्यांच्याच हलतात.

मग पायजमा कापला. कापड दुहेरी घालून कापायचं असतं, एवढं शिंपिणीच्या पोरीला ठाऊक नसावं? मी एकेरी पसरलं, एक पाय कापला आणि तोच वर ठेवून दुसरा सारखाच कापला. जोडायला गेले तेव्हा कळलं, दोन्ही पाय डावे. एक पाय उलटा केला तर कापडाची मागची बाजू बाहेर.

एवढं हसू आलं मला! किती महिन्यांनी आलं असेल. दोन्ही डावे पाय घेऊन आईसमोर नाचवले. "बघ गं, तुझ्या लेकीनं काय केलं! बोल, हातानं शिवलं का पायानं?" तिचे डोळे त्या हिरव्या कापडावर आले. थांबले. डोळे तसेच पुढं सरकून भिंतीवर गेले. मग मला तिचाच राग आला. असला राग आला की त्या पायजम्याचा बोळा करून कोपऱ्यात फेकला, आणि नंतर स्वतःचीच लाज वाटली.

तरी सेट पुरा केला. पुन्हा कापड आणलं, पुन्हा न भिजवता. सदऱ्याचा गळा एका खांद्याकडं ओढलेला, खिसा तिरका, पण अंगात गेला. चार वेळा दवाखान्याच्या लाँड्रीत उकळत्या पाण्यातून निघाला आणि आटला. पाचव्यांदा सकाळी घरी घालून बघितला, हात वर केला, आणि काखेखालची शिवण टरकन उसवली.

मी सदरा काढायला लागले आणि थांबले. डब्यातून सुई काढली. स्टूल आईच्या अगदी समोर ओढलं. ती बघेल असं बसून, तोंडात काहीही न धरता, अंगावरच टाका घातला.

"आई, अंगावर शिवते मी. दोरा नाय धरला."

दुसरा टाका. तिचे डोळे माझ्या हातावर आले. तिसरा. डोळे हलेनात. हात वर गेला तसे डोळे वर गेले, खाली आला तसे खाली आले. मी वाकून म्हणाले, "म्हण ना. दोरा धर म्हण. मी गप बस नाय म्हणणार. आई, पाया पडते तुझ्या, एकदा म्हण."

ती नुसती बघत राहिली. आणि चौथ्या टाक्याला मीच भ्यायले. शिकलेली बाई, पण भ्यायले. रिळातून दोऱ्याचा एक तुकडा तोडला आणि दातात धरायला तोंडाकडं नेला.

तेवढ्यात आईनं तोंड उघडलं.

"काय आई? बोल! बोल, मी ऐकते!" मी किंचाळलेच. मावशी पळत दारात आल्या. आईचं तोंड उघडंच होतं, मान थोडी पुढं आलेली, डोळे माझ्या बोटांवर. मी तिच्या तोंडाशी कान नेला. नुसता श्वास येत होता.

मग मला कळलं. माझा हात तोंडाकडं जाताना दिसला, आणि तिला वाटलं, चमचा आला.

मी दोरा खाली ठेवला. काखेत सुई तशीच लटकत होती, ती काढली. मावशींना म्हटलं, वरण-भात कालवून देता का जरा. वाटी आली. आईनं तीन चमचे खाल्ले आणि तोंड मिटलं.