पाहुण्यांसाठी मोकळा केलेला रस्ता

शांत रस्ता, शांत रस्ता म्हणून कुणी कौतुक करायला लागलं की माझं डोकं आजही फिरतं. अहो, रस्ता काय आपोआप शांत होतो? आमचं गाव वडवणीच्या बाजूला, डोंगराच्या कडेला. दसरा झाला की ट्रॅक्टर येतात आणि निम्म्याहून जास्त गाव ऊस तोडायला निघून जातं. घरोघरी कुलपं. माणसं नाहीत म्हणून दुपारची एसटी बंद, एसटीच नाही म्हणून फाट्यावरची टपरी बंद. मग होतो रस्ता शांत.

त्या दुष्काळाच्या वर्षी मी सव्वीस वर्षांची होते. एरवी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला मीच जायची. पण आदल्या उन्हाळ्यात टँकरच्या रेटारेटीत सासूबाई पडल्या आणि त्यांचा पाय मोडला. प्लास्टर निघालं, तरी पाय काही पहिल्यासारखा झाला नाही. त्यांना एकटं टाकून जायचं कसं? मग नवऱ्यानं जोडीला धाकट्या भावाला नेलं आणि घरात आम्ही दोघीच राहिलो.

आता पाण्याचं सांगते. आमच्याकडं तळ्यावरून पाणी उपसायची सहकारी संस्था होती. संस्था निघाली तेव्हापासून माझे सासरे सभासद, आणि त्यांच्या माघारी तो शेअर सासूबाईंच्या नावावर झाला होता. पाइपलाइन सगळ्यांच्या रानात जाणार होती म्हणे. ती चेअरमनच्या द्राक्षबागेपर्यंत आली आणि तिथंच संपली. गावात टँकर आठ-आठ दिवस येईना, तेव्हा लोकांनी फार ओरडा केला. मग ठराव झाला की बागेच्या कुंपणाला एक तोटी बसवायची आणि दर सभासदाला तिथून रोज दोन कॅन प्यायचं पाणी द्यायचं. आमच्या घरापासून ती तोटी दीड कोस. डोक्यावर दोन कॅन घेऊन दीड कोस चालून बघा एकदा, मग सांगा सहकाराचे फायदे.

शेजारच्या पोरीला शाळेत जायला सरकारी योजनेतली सायकल मिळाली होती. पोरगी आईबापाबरोबर उसाच्या फडात गेली आणि सायकल भिंतीला टेकून राहिली. सीटवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघाला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "ती घे की. तशीबी गंजूनच जायची हाय."

मला सायकल कुठं येत होती! पण बघायला, हसायला, नावं ठेवायला गावात होतंच कोण? नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवला, पदर खोचला आणि सुरू केलं. दोनदा घाणेरीत पडले. एकदा वन खात्याच्या तारेत साडी अडकली ती टरकन फाटली. पाचव्या दिवशी मात्र सायकल सरळ चालली आणि खोटं कशाला बोलू, मला लई आनंद झाला. आधी सीताफळाची झाडं, मग पळसाचं रान, मग ती जुनी दगडी बारव, पायऱ्यांची, कोरडी ठाक. तिच्या पुढं उतार लागायचा. उतारावर मी पायडल मारायचं सोडून द्यायची आणि तोंडावर वारा घ्यायची. लग्न झाल्यापासून माझं असं एकटीचं काही नव्हतंच. रोज सकाळी तेवढा एक तास माझा होता. तो रस्ता मलाही आवडायचा, हे कबूल करते आणि पुढचं सांगते.

पौषात एक दिवस तोटी सोडणारा ऑपरेटर म्हणाला, "उद्या आन् परवा पाणी बंद."

"कावून?"

"चेरमनकडं पाहुने येनारेत. शहरातले, सायकली घेऊन. डोंगर, जंगल, बारव, द्राक्षबाग बघत जानार. तुमी हितं कॅन-घागरी घेऊन उभ्या ऱ्हायल्या तर पाहुन्यांच्या नजरंला बरं दिसत न्हाई. आन् रस्त्यावरबी कुनी हिंडायचं न्हाई, रस्ता मोकळा पायजे."

चेअरमनला तिथं शहरी लोकांसाठी राहायच्या खोल्या बांधायच्या होत्या, त्याची ही सुरुवात. मी म्हटलं, अरे बाबा, पाहुणे दोन दिवस, आणि आम्ही दोन दिवस काय थुंकी गिळायची? तो म्हणाला, मला नका बोलू, मी हुकमाचा ताबेदार. त्याच संध्याकाळी संस्थेचा टँकर रस्त्यावर पाणी शिंपडत आमच्या दारावरून गेला. धूळ बसावी म्हणून! पाहुण्यांच्या नाकात आमची धूळ जाऊ नये म्हणून आमचं प्यायचं पाणी मातीत. मी दारात उभी राहून बघत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरात एक हंडा भरलेला होता. तेवढ्यावर दोन दिवस काढायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. पंधरा-वीस जण, डोक्याला टोप्या, डोळ्यांना काळे चष्मे. मागून जीप चालली होती, कुणी दमलं तर सायकलीसकट आत घ्यायला. त्यातले तिघं आमच्या घराशी थांबले. मी मागं शेण्या लावत होते. माझे हात शेणात, आणि तेवढ्यात सासूबाईंनी काय करावं? दारात माणूस आलं की आधी गूळ-पाणी. लंगडत आत गेल्या, गुळाचा खडा आणला, तांब्या भरून आणला. एक तांब्या झाला, दुसरा झाला. मग एका तरुण माणसानं बाटली पुढं केली, सासूबाईंनी ती हंड्यातून भरून दिली. त्यानं अर्धी प्यायली आणि उरलेली स्वतःच्या डोक्यावर ओतली. वर म्हणतो, "आजी, काय शांत रस्ता आहे हो तुमचा! एकही गाडी नाही. नशीबवान आहात."

त्याला काय माहीत, म्हणाल. मीही तेच म्हणते. पण आमच्या म्हातारीला तर माहीत होतं ना! पाहुणे गेल्यावर मी हंड्यात डोकावले तर तळाशी चार बोटं पाणी. मी ओरडले, "आत्या, काय केलंत हे?" त्या शांतपणे म्हणाल्या, "पान्याला न्हाई म्हनू का? तोंड हाय का मला तसं म्हनायला?"

मग मी हात धुतले नाहीत, पुसले. कॅन कॅरेजला बांधले आणि रस्ता मोकळा बिकळा गेला खड्ड्यात म्हणत त्या सायकलवाल्यांच्या मागं निघाले. द्राक्षबागेत मांडव टाकला होता. टेबलावर पोहे, द्राक्षांच्या टोपल्या, पाण्याच्या बंद बाटल्यांचे खोके. चेअरमन पांढऱ्या कपड्यांत हात जोडून फिरत होते. मी सरळ मांडवात सायकल घातली आणि म्हटलं, "चेअरमनसाहेब, तोटी उघडा. घरात पाणी नाही."

सगळे बघायला लागले. पण हा माणूस राजकारणातला, तो थोडाच गडबडतो! हसून पाहुण्यांना म्हणाला, "बघा, आमच्या भागातल्या महिलासुद्धा सायकल चालवतात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा फोटो काढला. मग तो माझ्याकडं वळून गोड आवाजात म्हणाला, "सूनबाई, पाणी सभासदाला. सभासद कोण? तुमच्या सासूबाई. त्यांना येऊ द्या, लगेच देतो. संस्था म्हटलं की नियम आला." त्याला पक्कं ठाऊक होतं की त्या म्हातारीला अंगणाच्या पुढं चालता येत नाही.

मी सायकल वळवली, घरी आले, कॅन पुढं हँडलला अडकवले, कॅरेजवर गोधडीची घडी घातली आणि म्हटलं, "आत्या, बसा."

"आगं बये, मला पाडशील!"

"पाडते तर पाडते. बसा."

त्या बसल्या. दोन्ही हातांनी माझी कंबर अशी आवळली की श्वास घ्यायला जागा राहिली नाही. चढावर मी उतरून सायकल ढकलली. बारवेपाशी त्या म्हणाल्या, "हितली खडी म्या फोडलीय. त्या मोठ्या दुष्काळात रस्त्याचं काम निघालतं, तवा. हातोडा लागून बोट फुटलतं." इतक्या वर्षांत हे त्या मला पहिल्यांदा सांगत होत्या. मला आणखीच राग आला. जिनं रस्ता केला तिनंच त्यावर फिरायचं नाही होय?

मांडवात गेलो तेव्हा कुणीतरी भाषण करत होतं. सासूबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरल्या आणि म्हणाल्या, "आले बाबा मी. सभासद. आता सोड पानी." चेअरमनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? त्यानं ऑपरेटरला खूण केली. तोटी सुटली, दोन्ही कॅन गळ्यापर्यंत भरले. मला वाटलं, जिंकले.

आणि मग माझ्या लक्षात आलं. कॅन रिकामे होते तेव्हा पुढं हँडलला चालले. भरलेले कॅन कॅरेजलाच बांधावे लागणार. मग सासूला कुठं बसवायचं? मी इकडं-तिकडं बघितलं. कुणीतरी म्हणेल, आजींना आम्ही सोडतो. जीप तर रिकामीच उभी होती. सगळे फोटो काढत होते. माझ्या जिभेवर आलं होतं, पण मागून घ्यायची मला लाज वाटली. सासूबाई म्हणाल्या, "आदी पानी ने. मी बसते हितं मांडवात. काय पळून चालले व्हय?"

मी पाणी घेऊन गेले, हंड्यात ओतलं आणि तशीच परत फिरले. बारवेच्या अलीकडं बघते तर सासूबाई रस्त्यानं येत होत्या. एक पाऊल टाकायच्या, थांबायच्या, मोडका पाय ओढून घ्यायच्या. ऊन डोक्यावर आलं होतं.

"आत्या, मांडवातून उठलात कशाला?"

"मांडव काडायला लागले. म्हनले, आजी, उटा, चटई गुंडाळायचीय."

"आणि ती जीप? ती तुमच्याच अंगावरून गेली असेल की."

"थांबली ना! फोटो काडला माझा. लई चांगली मानसं. हात हालवला त्यांनी."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मीबी हालवला. म्हनलं, या परत."

या परत! मी त्या रस्त्याच्या मधोमध बसून रडले. दुःखानं नाही, संतापानं. कुणावर चिडावं तेच कळेना. मग त्यांना कॅरेजवर घेतलं आणि घरी आणलं. पाय गुडघ्यापासून टम्म सुजला होता. रात्रभर त्या कण्हल्या.

तिसऱ्या दिवशी तोटी सुरू झाली. मी कॅन घेऊन गेले तर ऑपरेटर माझ्याकडं बघेना. खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, चेरमनचा निरोप हाय. तुमच्या घरचं पानी सभासद सोता आल्याबिगर सोडायचं न्हाई. परवा आलत्या ना त्या? मंग रोज येतील."

बाकी कुणालाच हा नियम नव्हता, आम्हालाच. तेव्हापासून पाऊस पडेपर्यंत मी रोज आधी सासूला त्या तोटीशी नेऊन बसवायची, मग पाणी घरी न्यायची, मग परत जाऊन सासूला आणायची. दोन कॅन पाण्यासाठी सहा कोस सायकल. सुजलेला पाय लोंबकळत ठेवून ती बाई रोज माझ्या मागं बसायची आणि तोटीशी पोचलो की ऑपरेटरला सांगायची, "आले बाबा. सभासद आले."