गाडी येणार, मी पाहून आले

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख मी अजून वाढवते. नात म्हणते, आजी, काप ते, पिठात जातं. तिला काय सांगू, या नखाला एके काळी परराज्यात शाल-नारळ मिळाला होता. आणि त्याच वर्षी आषाढात सतरा बायांनी माझ्याकडं असं पाहिलं, की हे नखच काय, अख्खा हात पदराखाली लपवावासा वाटला.

मी म्हणजे बारा-तेरा वर्षांपूर्वीची मी. तिला ‘मी’ म्हणायला अजून जीभ वळत नाही, म्हणून ‘ती बया’ म्हणते. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, चालणं ठाणेदारासारखं, अक्कल बेताची.

साखरखेर्ड्याहून आत वळलं की आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला हिरव्या जाळीची शेडनेटं ओळीनं उभी होती. बियाणं कंपनी नर-मादीचं बी द्यायची, शेतकरी रोपं लावायचे आणि आम्ही बाया क्रॉसिंग करायचो. संध्याकाळी टमाट्याची कळी धरायची. उघडलेली नाही चालत, नुसती पिवळी पडायला लागलेली पाहिजे. तिच्या पोटातला नर काढून टाकायचा, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग तिला लावायचा, आणि खूण म्हणून देठाजवळच्या दोन हिरव्या पाकळ्या खुडायच्या. बाकीच्या बाया कंपनीच्या चिमट्यानं नर काढायच्या. ती बया नखानं काढायची. एक हिसका, नर बाहेर, कळीला ओरखडा नाही. कंपनीचे साहेब दुसऱ्या गावच्या बायांना मुद्दाम तिचा हात दाखवायला आणायचे, आणि बया अशी काम करायची, जशी कोणी पाहतच नाहीये.

तिच्यासकट अठरा बायांच्या टोळीची ती मुकादम. तिच्या खालोखाल चाची. चाची वयानं लहान, पण सगळं गाव तिला चाचीच म्हणायचं. तिचा नवरा शिलाई मशीनवर कपडे शिवायचा आणि हंगामात शेडनेटच्या फाटक्या जाळ्यांना ठिगळं लावायचा. असं प्रत्येकाचं काही ना काही त्या जाळीला बांधलेलं होतं. फाट्यावरचा चहावाला, बायांना आणणारा टेम्पोवाला, साहेबांना खोली भाड्यानं देणारी म्हातारी. बांगडीवाला मनियार तर हंगाम संपायच्या दिवशीच गावात यायचा, कारण हंगामभर आम्ही बांगड्या कोपरापर्यंत चढवून वर चिंधी बांधायचो. झाडाला काच लागायला नको. शेवटची कळी झाली की चिंध्या सुटायच्या आणि हात नव्यानं भरले जायचे.

त्या उन्हाळ्यात गावात कुजबुज सुरू झाली की कंपनी दक्षिणेकडच्या एका राज्यात चालली. तिथलं सरकार जमीन देतंय, धरणाचं पाणी देतंय, मजूर स्वस्त आहे. बयेनं साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, तिकडं फक्त वाढवतोय काम, इथलं आहे तसं राहणार. वरून म्हणाले, मावशी, पंधरा दिवस चला, तिथल्या पोरींना तुमचा हात शिकवा.

चाची म्हणाली, नको जाऊ. बया हसली. तिनं मोराच्या रंगाची साडी काढली आणि निघाली. आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसली आणि खिडकीजवळच्या माणसाला उठवून स्वतः बसली.

तिथं चाळीस पोरी. भाषा कळेना, पण कळी सगळीकडं सारखीच. बयेनं एकेकीचा अंगठा धरून शिकवलं. पोरी टाळ्या वाजवायच्या आणि प्रत्येक टाळीला बया आणखी एक युक्ती सांगायची. उन्हं कलल्यावर कळी कशी ओळखायची, ढगाळ दिवशी पराग कसा वाळवायचा, सगळं. पंधरा वर्षांत स्वतःच्या सुनेला जे दाखवलं नव्हतं, ते त्या परक्या पोरींना दाखवून मोकळी झाली.

निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी गाडी पाठवून चहाला घरी नेलं. दारात त्यांची मोटरसायकल उभी होती, एमएच अठ्ठावीसची पाटी, आपल्या बुलढाण्याची. आत खिडक्यांना पडदे लागलेले. साहेबांची बायको, जी सुट्टीला माहेरी गेली असं आम्हाला गावात सांगितलं होतं, तिनं चहा दिला. पोराची नव्या शाळेची वह्या-पुस्तकं कव्हरं घालून टेबलावर ठेवलेली.

पंधरा दिवसांच्या कामाला माणूस पडदे नेत नाही. हे तिला तेव्हाच कळलं. मी आज सांगते, तेव्हाच, चहाचा कप हातात असताना कळलं. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर शाल अंगावर पडली, आणि बयेनं जे कळलं होतं ते शालीखाली झाकून घेतलं.

गावात आली तर टोळी तिच्या ओट्यावर गोळा झालेली. त्यांना घाई होती, कारण जवळच्या बीबी गावचा एक मुकादम दोनदा येऊन गेला होता. सोयाबीन आणि कपाशीचं निंदण त्यानं गुत्त्यानं, म्हणजे ठरल्या रकमेत, घेतलेलं, पोळ्यापर्यंतचं. अठराच्या अठरा बाया पाहिजे, येत्या बाजाराच्या दिवशी हो किंवा नाही सांगा, म्हणाला. कंपनीच्या गाडीनं बी आलं तर गुत्ता नको. नाही आलं तर गुत्त्याशिवाय पावसाळा कोरडा जाणार.

बया काय म्हणते ते सगळ्या पाहत होत्या. चाचीनं विचारलं, “आक्का, सच सांग. तुले तिथं काय दिसलं?”

“काय दिसणार? हिरव्या जाळ्या.”

“आन साहेब?”

“साहेब येतील ना. गाडी येणार, मी पाहून आले.”

काय पाहून आली होती बया? पडदे. पण तोंडातून हे निघालं, आणि एकदा निघालं म्हटल्यावर बया त्यावर ठाम बसली. चाचीनं बाकीच्यांकडं पाहिलं. मग म्हणाली, “तू म्हणतीस तर मंग राहू दे गुत्ता.”

बाजारात बीबीचा मुकादम भेटला, तेव्हा बयेनं त्याला भर रस्त्यात सुनावलं, की आमचे हात गवत उपटायला नाहीत. त्यानं खिशातून सुपारी काढली, चिमूटभर तोंडात टाकली आणि दुसऱ्या टोळीकडं गेला.

मिरग गेला. दरवर्षी बी मिरगाच्या मागोमाग येतं, मग ट्रेमध्ये रोपं, महिनाभरात लावणी. आषाढ लागला तरी काही नाही. बया रोज साहेबांना फोन लावायची, रोज बंद. बायांना सांगायची, रेंज नसेल. रोज कोणी ना कोणी फाट्यावर जाऊन उभी राहायची. शेजारच्या शिवारात दुसऱ्या टोळीच्या बाया निंदताना दिसायच्या, त्यांची गाणी ऐकू यायची, आणि आमच्यातली एक बाई तिकडं बघून म्हणायची, आपल्या हिश्शाचं गवत आहे ते. बया ऐकून न ऐकल्यासारखं करायची. जेवण तिला जाईना. बया बारीक झाली ती त्या महिन्यात, त्यानंतर कधीच नाही.

एका सकाळी पोरं ओरडत आली, गाडी आली. पांढरी पिकअप, कंपनीची. सगळ्या धावल्या. बी आलं की आम्ही ट्रेला हळदकुंकू लावून नारळ फोडायचो, तो नारळ बयेनं पंधरा दिवसांपासून कोनाड्यात काढून ठेवला होता. तो घेऊन ती सगळ्यांच्या पुढं.

गाडी शेडनेटकडं वळलीच नाही. कंपनीच्या गोडाऊनसमोर थांबली. ड्रायव्हर आणि एक हमाल उतरले, कुलूप उघडलं, आणि आतला वजनकाटा बाहेर काढून गाडीत चढवला. मग क्रेट. मग नर-मादीचं बी ठेवायची लोखंडी पेटी, रिकामी, कारण उचलताना दोघांना काहीच जोर लागला नाही. शेवटी दारावरचा बोर्ड.

चाचीनं ड्रायव्हरला विचारलं, साहेब कधी येतील.

ड्रायव्हर गोंधळला. म्हणाला, “साहेब आता कुठं येतात? होळीपासून बिऱ्हाड तिकडंच आहे.” मग त्याची नजर बयेवर पडली आणि तो ओळखीचं हसला. “या मावशींना माहीत आहे ना. साहेबांच्या घरी चहा प्यायला मीच तर नेलं होतं.”

बिचाऱ्याला काय माहीत. बोर्ड दोरीनं बांधला आणि गाडी निघून गेली.

कोणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर बयेला सोपं गेलं असतं, भांडणात ती कुणाला हार जायची नाही. सतरा बाया नुसत्या पाहत होत्या, आणि तिच्या हातात नारळ.

“मले दिसलं होतं,” मी म्हणाले. इथून पुढं ‘मी’च म्हणते. “पडदे, मोटरसायकल, सगळं. मले माहीत होतं.”

चाचीनं माझ्या हातातला नारळ घेतला, पदरात टाकला, आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी बीबीला गेले. मुकादम पारावर बसला होता. त्यानं मला बसही म्हटलं नाही, आणि मी बसलेही नाही. हात जोडून सांगितलं, चूक माझी, बायांची नाही. तो म्हणाला, आता टोळी भरत आली, बारा बायांची जागा आहे फक्त. आणि मुकादम बाई नको, मुकादम मी आहे.

अठरातल्या बारा. मी गावात येऊन चाचीला आकडा सांगितला आणि म्हणाले, निवड तू कर, मला धरू नको. तिनं निवड केली. मला सोडून राहिलेल्या पाचजणींत दोघी पुण्याकडं बांधकामावर गेल्या, एक भावाकडं सुरतेला. उरलेल्या दोघी गावातच. त्यांच्या दारावरून जायचं टाळून मी लांबच्या वाटेनं पाण्याला जायचे. शेडनेटच्या जाळ्या उन्हानं चिरल्या, त्यांना ठिगळ लावायला चाचीच्या नवऱ्याला कोणी बोलावलं नाही. फाट्यावरचा चहावाला दुपारीच टपरी बंद करू लागला. त्या वर्षी मनियार गावात आलाच नाही. कोणाच्या हाताच्या चिंध्या सुटायच्या होत्या?

चाची पोळ्याच्या आधी एकदाच माझ्या दारात आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

“त्या पोरींले नखानं शिकवलं?”

“हो.”

“सगळं? ढगाळ दिवसाचं पण?”

“सगळं.”

चाची म्हणाली, “बरं केलं. अर्धवट शिकवलं असतं तर तिकडं आपलं नाव खराब झालं असतं.” मग जायला वळली आणि पाठमोरीच म्हणाली, “आपल्यातली एक बाळंतपणाले माहेरी गेली. निंदणाच्या ओळीत एक पात रिकामी आहे. सकाळी टेम्पोवर ये. पण मधात नाही बसायचं, शेवटची पात तुझी.”

गेले. कपाशीची शेवटची पात बांधाच्या कडेची, गवत तिथंच सगळ्यात दाट. थोड्याच वेळात बाकीच्या तेराव्या झाडापर्यंत गेल्या तेव्हा मी चौथ्यावर. बीबीचा मुकादम बांधावर उभा राहून ओरडला, ती शेवटची बाई कोण, हात चालव जरा. ओळीत कोणीतरी फिसकन हसलं. चाचीच असावी, पण मी मान वर केली नाही. खुरप्यानं निघत नव्हतं म्हणून नखानंच मुळाशी धरलं, एक हिसका दिला, आणि पुढच्या गवताला हात घातला.