काळ्या टेपमागचा दिवा

हे मी आजवर कधी सलग बोललेलो नाही — मनातल्या मनातसुद्धा. सुरुवात करायचो आणि मध्येच दुसऱ्या कामाला लागायचो. तुम्ही ऐकताय, तर आज शेवटापर्यंत जातो.

भिवंडीजवळच्या कोन गावात, कल्याण रस्त्यावर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दुसऱ्याला न सापडलेला फॉल्ट सुनील शोधतो, असं भिवंडीत म्हणतात. ते ऐकायला मला आवडायचं. फार आवडायचं.

माझी ताई जवळच्याच पूर्णा गावात दिलीय. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, हौसेने जुनी गाडी घेतली आणि त्याच पावसाळ्यात ती पाण्यात उभी राहिली. पाणी ओसरलं, गाडी सुरूही झाली, पण एअरबॅगचा लाल दिवा विझेना. मी स्कॅनर लावला. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटला व्होल्टेज कमी मिळतंय, एवढंच तो सांगायचा. बॅटरी मोजली — ठणठणीत. फ्यूज पाहिले, तेही ठीक. गाडीत नोंदलेला फॉल्टचा कोड स्कॅनरने पुसला की दिवा जायचा, गाडी जरा फिरवली की परत हजर. म्हणजे करंट वाटेत कुठेतरी अडत होता. पण कुठे? मला सापडेना.

तेवढंच सांगायचं होतं — सापडत नाही. पण गाडी सोडताना दाजी दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते, "आमचा मेव्हणा हाय, टेन्शनच न्हाय." त्यानंतर ते शब्द माझ्या तोंडून निघेनात. दिवा पेटलेला असताना एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी स्टिअरिंगसमोरचा, हे दिवे दाखवणारा मीटर उघडला आणि त्या दिव्यावर काळी टेप चिकटवली.

"झालं का रे?" ताईने फोनवर विचारलं.

"झालं," म्हणालो.

पुढे एकदा गोदामाच्या वळणावर कंटेनरने अचानक ब्रेक मारला आणि दाजी मागून जाऊन आदळले. पट्टा होता म्हणून वाचले. पण तोंड स्टिअरिंगवर आपटलं, जबडा मोडला. ताई कितीतरी दिवस त्यांना पेज पाजत होती. दवाखान्यात तिने मला बाजूला घेतलं. "एअरबॅग का न्हाय उघडली रे?" आणि मी — विचारसुद्धा करावा लागला नाही मला — म्हणालो, "एवढ्याशा धडकेला उघडत नाही ती."

कदाचित खरंच उघडली नसती. मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं, आणि तरी मी छातीठोकपणे बोललो.

याहून वाईट सांगू? ती गाडी दुरुस्तीला पुन्हा माझ्याकडेच आली. मी टेप तशीच ठेवली. काढली असती तर दिवा दिसला असता, दिवा दिसला असता तर बोलावं लागलं असतं. वर्षं गेली. ते घर त्याच गाडीतून फिरत राहिलं.

यंदा भाची, प्रणाली, गाडी शिकली. गोदामाच्या ऑफिसात तिला नोकरी लागलीय. गाडी माझ्या दारात लावून म्हणाली, "मामा, तू एकदा बघून दे, मग मी एकटी चालवते."

या वेळी मी हेडलाइट, पंखा, सगळं चालू ठेवून, म्हणजे वायरींवर लोड असताना मोजलं, आणि युनिटपासून उलटा मागे येत गेलो. गिअरजवळचा गालिचा उचलला. युनिटची अर्थिंगची वायर जिथे बॉडीला बोल्टने आवळलेली असते, तिथे गंज चढला होता. पुराचं पाणी तिथे मुरलं होतं. घासलं, आवळलं, कोड पुसला, लांबवर फिरवून आणली. फॉल्ट परत आला नाही.

आता टेप काढायची आणि गप्प बसायचं. कुणाला कळणार होतं? गाडी ठीक, पोर सुखरूप. टेपच्या टोकाखाली मी नखही घातलं होतं. मग हात थांबला — आणि मी दाजींना फोन लावला.

ताई, दाजी, प्रणाली, तिघंही आली. मी उघडा मीटर दाखवला आणि तुटक तुटक सगळं सांगितलं, दवाखान्यातल्या उत्तरासकट. ताई स्टुलावर बसली. "एअरबॅग का न्हाय उघडली, असं गावात कुणी विचारलं की मी तुझंच नाव घेऊन सांगायची रे, एवढ्याशा धडकेला न्हाय उघडत," एवढंच म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

दाजी मीटरवर वाकले. "फॉल्ट तर गेला. मग आता कशाला सांगितलंस?"

 मी टेप काढली, मीटर बसवला. दाजी लेकीला म्हणाले, "चावी लाव." दिवा पेटला आणि आपला आपण विझला, फॉल्ट नसला की विझतो तसा. "परत." परत तसंच. "दुसऱ्याकडून पण चेक करून घेऊ," ते म्हणाले. "घ्या," मी म्हणालो. त्यांनी घेतली. गाडी ठीक निघाली.

दाजी अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. ताईचा फोन येत नाही. मनात काही ठेवू नका, असं मी त्यांना सुचवत नाही.

गेल्या आठवड्यात प्रणाली एकटी गाडी घेऊन आली. हॉर्न वाजत नव्हता, आणि आईला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचं होतं. मी बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही. बॉनेटवर ओणवी होऊन माझ्या हातांकडे बघत राहिली. "हे काय करतोयस?" तिने विचारलं. मी सांगितलं. मग प्रत्येक वायरीला हात लावायच्या आधी मीच सांगत गेलो, मोठ्याने, आणि ती मान डोलवत होती.