बार्शीटाकळीच्या चढावर

यंदा जानेवारीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा नागपूरहून फोन आला. तो परदेशी पाहुण्यांच्या सहली काढतो. "मॅडम, तीन दिवस मोकळे आहेत का?" असं त्यानं विचारलं. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि आई जाऊन दोन. अमरावतीच्या माझ्या घरात सकाळी दूधवाल्याशी होणारी दोन वाक्यं सोडली तर संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं कारण पडत नसे. कधी कधी मी पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचून काढायची, घसा अजून चालतो का ते बघायला. काम काय आहे हे विचारायच्या आधीच मी त्याला हो म्हणून टाकलं.

काम दुभाष्याचं होतं. आपल्याकडे रुळांवर विजेच्या तारा आल्या आणि जुनी डिझेल इंजिनं एकेक करून भंगारात चालली. ती जायच्या आधी त्यांच्यामागे एकदा बसावं, म्हणून चौदा म्हातारे इंग्लंडहून येणार होते. एक जुनं इंजिन, मागे दोन डबे. अकोल्याहून पूर्णेला, दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी बडनेऱ्यावरून अमरावती. वाटेत परवानगी घेतलेल्या जागी गाडी थांबणार, पाहुणे उतरणार, गाडी मागे जाऊन पुन्हा त्यांच्यासमोरून धडधडत जाणार, आणि हे फोटो काढणार.

मी आठवडाभर तयारी केली. हे लोक वऱ्हाडाबद्दल विचारतील, म्हणून रिद्धपूरच्या महानुभावांवर आणि कौंडण्यपूरच्या रुक्मिणीवर इंग्रजीत टिपणं काढली. इस्त्रीच्या चार साड्या घेतल्या.

पहिल्या दिवशी अकोल्याच्या फलाटावर सगळ्यांनी माझ्याशी हात मिळवले आणि लगेच इंजिनाकडे गेले. गाडी सुटली तसे चौदाही जण खिडक्यांना आणि दारांना लटकले. निम्म्यांच्या हातात कॅमेरे, निम्म्यांच्या हातात माइक. मी एकाला म्हणाले, "ही काळी माती बघा, इथला कापूस..." तर त्यानं ओठांवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं माझा विद्यार्थी संकोचत माझ्याजवळ आला.

"मॅडम, खिडकीपाशी बोलू नका हं. आवाज रेकॉर्ड करतात ते. मधे माणसाचा आवाज आला की वाया जातं."

"मग मी काय करू?"

"लागेल तेव्हा सांगतो ना."

मी दुसऱ्या डब्यात, चहाच्या टाकीशेजारी जाऊन बसले. एकदाच मला वाटलं, आता आपली गरज लागणार. वाशिमला दोघं पाहुणे ड्रायव्हरशी बोलायला निघाले, म्हणून मीही मागोमाग गेले. पण तो ड्रायव्हर हिंदीत थोडी इंग्रजी मिसळून हातवारे करत इंजिनाबद्दल असं काही सांगू लागला की तिघंही एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते. कशाला हसतात ते मला कळलं नाही. मी डब्यात परत आले. बोलायला मिळेल म्हणून घरातून निघालेली मी, आणि गप्प बसण्यासाठी मला बोलावून आणलं होतं. ते लोक वाईट नव्हते. मी चहा दिला की प्रत्येक जण आभार मानायचा. पण एकमेकांशीसुद्धा ते फारसे बोलत नसत. प्रत्येकाच्या कानात त्याचं त्याचं इंजिन होतं.

त्यांच्यात एक सगळ्यात उंच म्हातारा होता. पंचाहत्तरीचा असेल. तो फोटो काढतच नसे, फक्त आवाज जमवायचा. त्याच्या माइकला बोक्यासारखं केसाळ आवरण होतं. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर बार्शीटाकळीच्या अलीकडे गाडी थांबली. तिथे आमच्याकडून पाहिलं तर उतार, पण अकोल्याकडून येणाऱ्या गाडीला चढ. गाडी खाली जाऊन चढावरून वर येणार होती, इंजिनाचा दम ऐकायला. बाकीचे सगळे एका बाजूला उभे राहिले. हा एकटाच रूळ सोडून वावरांच्या कडेनं लांब चालत गेला.

"मॅडम, तुम्ही जा त्यांच्यासोबत," माझा विद्यार्थी म्हणाला. "शेतवाल्यांनी काही विचारलं तर सांगायला कोणी हवं."

हरभऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, म्हाताऱ्यानं माइक रोवला, हेडफोन लावले आणि मला खुणेनं बसायला सांगितलं. मी बसले. गाडी खाली दिसेनाशी झाली. मग बराच वेळ काहीच नाही. वाऱ्यानं हलणारा हरभरा, तारांवर बसलेला एक कोतवाल पक्षी. मी खोकलासुद्धा दाबून धरला.

खालून इंजिनाची घरघर सुरू झाली तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करून राह्यला व बाई हा बुढा?"

पन्नाशीची एक बाई, डोक्याला फडकं बांधलेलं, हातात हरभऱ्याचे डहाळे. वावर तिचंच होतं. मी ओठांवर बोट ठेवलं.

"काहून?" ती आणखी जवळ आली. "माह्याच वावरात मी गप बसू?"

मी कुजबुजले, "गाडीचा आवाज भरत आहेत ते."

"गाडीचा? रोजच तं आयकतो आमी. आवाजच पायजे असन तं माही म्हैस आयकव त्याले."

मला हसू फुटलं. दाबता आलं नाही. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तुमची म्हैस आयकाले तं तो विमानानं येनार नाही न!"

तीही हसली. कोन गावच्या, इकडं कशा आल्या, असं ती विचारत गेली आणि मी उत्तरं देत गेले. कॉलेजात तीस वर्षं मी पुस्तकी मराठी बोलले. वऱ्हाडी फक्त आईशी बोलायची. दोन वर्षांत ती माझ्या तोंडून निघाली नव्हती. इंजिन अगदी जवळ आलं तेव्हा आम्ही दोघी ओरडूनच बोलत होतो. धूर सोडत, जमीन हादरवत ते आमच्यासमोरून गेलं, डबे गेले, आणि मग मला म्हाताऱ्याची आठवण झाली. तो आमच्याकडे पाठ करून तसाच उभा होता.

त्यानं हेडफोन काढले. मी तीनतीनदा माफी मागितली. तो रागावला नाही. त्यानं हेडफोन माझ्या हातात दिले. मी लावले. लांबून येणारी घरघर, मग आमची कुजबुज, मग हसणं. इंजिन वाढत वाढत कानात मावेनासं झालं आणि त्याच्यावरून त्या बाईचा आवाज आला, "घरी कोन कोन हाय तुमच्या?" आणि लगेच माझा, सगळ्या वावराला ऐकू जाईल इतका मोठा, "कोनी नाही! एकटीच हावो मी!"

हे आपण ओरडून सांगतोय, हे बोलताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"काय म्हणालात तुम्ही तिथे?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

तीन दिवसांत मला करायला मिळालेला हा एकच अनुवाद. "तिनं विचारलं, घरी कोण असतं. मी म्हटलं, कोणी नाही."

तो माइकच्या केसांवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "खूप वर्षांपूर्वी असाच आवाज भरायला मी बायकोला घेऊन गेलो होतो. वाफेचं इंजिन होतं. ती ऐन वेळी शिंकली. मी तिला फार बोललो. त्यानंतर ती माझ्यासोबत कधी आली नाही. मीही तिला कधी बोलावलं नाही."

"आता त्या..."

"नाही," तो म्हणाला.

गाडीची अजून एक फेरी व्हायची होती. त्यानं माइक उचलला आणि शांतपणे म्हणाला, "ही फेरी मला स्वच्छ हवी. तुम्ही इथेच थांबलात तर बरं." आणि तो धुऱ्याधुऱ्यानं निघून गेला, पार पलीकडच्या बाभळीपर्यंत.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तो बोलला ते सरळ बोलला. त्या बाईनं मला हरभऱ्याचे डहाळे दिले आणि म्हणाली, "जाऊ द्या त्याले. घाटे खा." दुसरी फेरी होईपर्यंत आम्ही हिरवे घाटे सोलून खाल्ले. मी गाडीकडे निघाले तेव्हा ती म्हणाली, "येजा मंग कधी."

तिसऱ्या दिवशी अमरावतीच्या स्टेशनवर सगळ्यांनी पुन्हा हात मिळवले. उंच म्हाताऱ्यानं दोन्ही हातांत माझा हात धरला. मी रिक्षानं घरी आले. घर तीन दिवस बंद होतं. आत आलेला वास बंद घराचा होता की मी घरात असतानाही तोच असतो, हे मला ठरवता आलं नाही.

महिनाभरानं एका सकाळी मी अकोल्याला जाऊन तिथून पॅसेंजरनं बार्शीटाकळीला उतरले. रुळाच्या कडेकडेनं जाणाऱ्या गाडीवाटेनं वावर शोधत गेले. हरभरा वाळला होता. ती आणि तिच्यासोबत तिघी बाया सोंगणी करत होत्या. तिनं मला ओळखलं नाही. मी बुढ्याचं सांगितल्यावर ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अव माय, रेल्वेवाल्या बाई! एवढ्यासाठी आल्या?"

"हो," मी म्हणाले.

"मंग बसून काय करता? लागा हाताशी."

मी लागले. एक तास झाला नाही तोच तळहात सोलपटले. चौघींचं बोलणं आपसात चाललं होतं, त्यांच्या पोरींचं, कुणाच्या तरी लग्नाचं. मला त्यातलं अर्धं कळत नव्हतं, कारण माणसं माझ्या ओळखीची नव्हती. पण मधे कोणी गप्प बस म्हणालं नाही. जाताना मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात येईन."

"पुढच्या आठवड्यात वावरात काय हाय? ढेकलं! फोन करजा."

तिच्या सुनेनं माझ्या फोनात नंबर टाकून दिला. दोनदा मी तो काढून पाहिला आणि ठेवून दिला. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. काल दुपारी जेवण झाल्यावर काही न ठरवताच लावला.

"कोन?"

मी सांगितलं.

"हां, बोला."

"काही नाही, हरबरा निघाला काय?"

"निघाला न," ती म्हणाली, आणि मग म्हैस व्याली, रेडकू पीत नव्हतं, सुनेनं बोटानं दूध कसं चाटवलं, सासऱ्यानं कसा गोंधळ घातला, हे सांगायला लागली. मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि ऐकत राहिले.